परसूसाहेबांचा सोमवार

मोहोपाडा रग्बी क्लबचा इतिहास सांगायला बसलं की पहिल्याच वाक्याला अडचण येते. क्लब साहेबलोकांनी काढला, हे खरं. पण तो चालायला लागला साहेबलोक गेल्यावर, हेही खरं. म्हणून क्लबचे अध्यक्ष श्रीपत रोकडे यांना कुणी इतिहास विचारला, की ते आधी चष्मा पुसत आणि मग विचारत, "कुठला पायजे? सायबांचा का आमचा?"

श्रीपत अध्यक्ष होऊन किती वर्षं झाली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. निवडणूक रीतसर व्हायची. पण सामन्याच्या दिवशी अध्यक्षानं शिट्टी वाजवायची आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, असा नियम असल्यामुळे दुसरा उमेदवार कधी उभा राहिला नाही. क्लबच्या नावात मोहोपाडा होतं, मैदान कळंबच्या रस्त्याला हिरामणच्या शेतात होतं आणि अध्यक्ष कर्जतला भिसेगावात राहत होते. हे तिन्ही एका जागी आणावं असा ठराव एकदा आला होता; पण ठरावाची सभा कुठं घ्यायची यावर एकमत झालं नाही.

साहेबांचा इतिहास थोडक्यात असा. श्रीपत मिसरूड फुटायच्या वयाचे असताना मोहोपाड्याकडे एका विलायती कंपनीनं रंगांचा कारखाना काढला. यंत्रं बसवायला तिकडून इंजिनियर आले. ते वेल्सचे होते. वेल्स म्हणजे विलायतेच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग; तिथं पाऊस आपल्यासारखाच पडतो आणि तिथली माणसं इंग्रज नव्हेत, असं ती माणसं स्वतःच दिवसातून दोनदा सांगत. त्यांचा म्होरक्या इव्हान प्रॉसर. कारखान्यात त्याचा तिसऱ्या दिवशी परसूसाहेब झाला. परसूसाहेबाला करमेना, म्हणून त्यानं कॉलनीच्या मागच्या माळावर दोन दोन बांबू रोवले, एक पपईच्या आकाराचा कातडी चेंडू काढला आणि क्लब स्थापन झाल्याचं जाहीर केलं. साहेब मोजकेच होते. दुसरी बाजू भरायला फिटर, हेल्पर, माळी, जो हाताला लागेल तो उभा केला. त्यात फिटर श्रीपत होता आणि त्याच्याच पाळीतला हिरामण होता.

खेळ समजायला हिरामणला वेळ लागला नाही. चेंडू घेऊन पुढं पळायचं, पण कुणाला द्यायचा झाला तर मागच्यालाच द्यायचा, पुढच्याला दिला तर गुन्हा.

"म्हंजे मागच्याला द्यायचं आन मग आपन पुढं जायचं?" हिरामणनं विचारलं.

"येस, येस."

"हे आमच्या सरपंचाला बोलवून दाखवा. तो उलटं खेळतो."

क्लबचा मोठा सामना वर्षातून एकदा, साहेबांच्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. साहेब विरुद्ध गाव. हा सोमवार दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हे साहेबाला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. साहेबाच्या स्वयंपाकघरात लडकू होता. त्यानं दोनतीन वर्षं आभाळाकडे बघून गणित सोडवलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "चैती पुनव झाली की येतो त्यो सोमवार." बहुतेक वर्षी तो तसाच यायचा. मधे एकदा सामना महिनाभर आधीच झाला. पण साहेबलोकांना घाई असते, असं म्हणून गावानं समजून घेतलं.

पुढं सरकारनं कायदा बदलला, कंपनीनं गाशा गुंडाळला आणि साहेबलोक निघाले. निघण्याआधीच्या शेवटच्या सामन्यात ते पहिल्यांदा हरले. हरल्यावर रडले, मग गाणं म्हणाले, मग सगळ्यांबरोबर जेवले. परसूसाहेबानं तो कातडी चेंडू श्रीपतच्या हातात दिला. श्रीपत म्हणाला, "सायेब, कवापन या. खेळ चालू असंल. जसा तुमी ठेवला तसाच."

इथून पुढं आमचा इतिहास.

खेळ चालू राहिला, पण साहेब विरुद्ध गाव या सामन्यात साहेबच उरले नव्हते. तेव्हा ठरलं की आपल्यातलेच निम्मे साहेब व्हायचे. साहेबांच्या बाजूनं डोक्याला पांढऱ्या टोप्या घालायच्या, परसूसाहेबासारखं कमरेवर हात ठेवून ओरडायचं आणि शेवटी हरायचं. हरणं नियमात नव्हतं, पण वहिवाट पडली. त्यामुळे साहेब व्हायला कुणी तयार होईना. मग नियम आला: मैदानावर जो उशिरा येईल तो साहेब. तेव्हापासून तालुक्यात वेळेवर सुरू होणारा हा एकमेव कार्यक्रम होता.

आणि चेंडू. कॉलनी उठल्यावर तो हिरामणनं गावच्या बहिरीदेवाच्या देवळात, पालखीशेजारच्या खुंटीला टांगला, कारण घरात उंदीर होते. पुढच्या वर्षी बघतात तर चेंडूला शेंदूर. श्रीपतच्या वस्तीतली पोरं म्हणाली, चेंडू काय देवळाचा आहे का? दोन वर्षं भांडण झालं. तिसऱ्या वर्षी तोड निघाली ती अशी: चैती पुनवेला पालखी निघाली की तिच्याबरोबर चेंडू खाली उतरवायचा, सोमवारी सामना खेळायचा आणि मग चेंडू विहारात न्यायचा. दसऱ्याला, धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम झाला की पुन्हा देवळात. सरकारी नोकराची व्हावी तशी चेंडूची वर्षातून दोनदा बदली व्हायची, आणि ती कुणाच्या वशिल्यानं कधी थांबली नाही.

पालखीच्या दिवशी एक वस्ती घरात असायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला दुसरी वस्ती ओट्यावरून बघायची. त्या सोमवारी मात्र कुणाचं डोकं कुणाच्या बगलेत अडकलंय, ते शिट्टी वाजेपर्यंत कळायचं नाही.

तर अशा क्लबच्या अध्यक्षांना त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास विलायतेहून निरोप आला. श्रीपतची नात भाग्यश्री बँकेत होती. तिनं क्लबचे फोटो कुठंतरी टाकले होते, ते परसूसाहेबाच्या नातीनं, मेगननं, पाहिले होते. आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, मेगननं लिहिलं होतं. एकदा येऊन सामना बघायचं म्हणतात. यानंतर त्यांना प्रवास झेपणार नाही. सामना ईस्टरच्या सोमवारी, नेहमीसारखाच असतो ना?

"सांग, नेहमीसारखाच," श्रीपत म्हणाले. ते त्या दिवशी दोन वेळा जेवले आणि तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोनं, भीमाबाईंनी, वाढलं नाही.

होळी झाली. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी श्रीपत अंगणात दात घासत होते, तोच भाग्यश्री मोबाईल घेऊन बाहेर आली.

"आजा, ते आले."

"कोन?"

"साहेब. मुंबईत उतरले. उद्या कर्जतला येतायत. लिहिलंय, सोमवारची वाट बघतोय."

श्रीपतनी चूळ भरली. "मग महिनाभर ऱ्हानार म्हन की! भीमे, ऐकलं का? सायेब महिनाभर ऱ्हानारेत."

"मंगळवारी जाणारेत, आजा."

"कुठल्या मंगळवारी?"

"ह्या. आज गुड फ्रायडे आहे. बँकेला सुट्टी आहे म्हणून मी घरात आहे. परवा ईस्टर, सोमवारी तुमची मॅच."

"येडी का खुळी? अजून पाडवा झाला नाय. चैत लागला नाय. पुनवेला महिना हाय."

"ईस्टरला आपला चैत्र लागत नाही, आजा. त्यांचं वेगळं असतं."

"वेगळं कसं असंल? चंद्र एकच हाय ना?"

याचं उत्तर बँकेच्या परीक्षेत नव्हतं. भाग्यश्रीनं मोबाईलवर मागच्या वर्षांचे ईस्टर काढून दाखवले. बरेचसे चैत्री पुनवेच्या आसपासच होते, मधूनच एखादा महिनाभर आधी उडी मारत होता. श्रीपतना एकदम तो साहेबांच्या काळातला घाईचा सामना आठवला. लडकूचं गणित बरोबर होतं, फक्त अधिक महिना आला की ते फसत होतं. आणि लडकू आता जाब विचारायच्या पलीकडे गेला होता.

"अवो, मग फोन करून सांगा ना, चुकलं म्हनून," भीमाबाई आतून म्हणाल्या.

"काय सांगू? की तुमचा सोमवार आमी कवाच मोडला, आन आमचाच चालवतोय? 'जसा तुमी ठेवला तसाच' म्हनलेलो मी. म्हातारा समुद्र ओलांडून आलाय तेवढ्या एका गोष्टीसाठी."

"मग?"

"मग काय? खेळायचं. सोमवारी."

हिरामण शेतातच सापडला. मैदानावर वालाचे ढीग पडले होते आणि त्याची बायको आनंदीबाई काठीनं वाल झोडत होत्या. श्रीपतनी सगळं सांगितलं. हिरामणनं ऐकून घेतलं आणि डोक्याचा पंचा काढून पुन्हा बांधला.

"शेतात वाल, देवळात चेंडू आन पंचांगात फागुन. कशाच्या बळावर खेळतो रं, श्रीपत?"

"वाल उचलू."

"उचल. पोरं घेऊन ये आन उचल. चेंडूचं काय?"

"देवळाची किल्ली तुज्याकडंच हाय ना?"

"किल्ली हाय. म्हनून तर पंचाईत हाय. पालखीच्या आदी चेंडू खाली आला नाय कवा. तूच बसलावतास ना तोडीच्या बैठकीत? तूच म्हनलास, नियम म्हंजे नियम."

श्रीपत तसं म्हणाले होते. त्यांची वस्ती त्या वेळी जिंकली होती, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले होते.

"सरावाचा रबरी चेंडू हाय की," हिरामण म्हणाला.

"आन सायेब इचारील, माजा चेंडू कुठाय? तर त्याला देवळात नेऊन खुंटी दाखवू?"

हिरामण विचारात पडला. साहेबाच्या हाताखाली त्यानंही घाम गाळला होता. "कौल लावून बघू," तो शेवटी म्हणाला. "देव हो म्हनला तर माजं काय जातंय?"

मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. श्रीपत बाहेर पायरीवर, चपलांच्या शेजारी बसले. बहिरीदेवावर त्यांचा विश्वास नव्हता. पण हिरामणचा होता, आणि हिरामणवर त्यांचा होता. तेवढ्यानं काम भागत असे.

आत हिरामणचा आवाज घुमला. "देवा, सायेब आलाय. चेंडू खाली घेऊ का?"

थोड्या वेळानं, "काय झालं रं?"

"डावी."

"पुन्यांदा लाव."

"पुन्यांदा लावला की देवाला राग येतो," हिरामण म्हणाला आणि त्यानं पुन्हा लावला. पुन्हा डावी. देव गावचाच होता. महिनाभर आधी सांगितलेल्या कामाला हो म्हणायची गावात कुणाला सवय नव्हती, मग देवाला तरी कुठून असणार?

श्रीपतनी चपला पायांत सरकवल्या. उद्या स्टेशनवर साहेबाला कसं सांगायचं, याची ते मनात जुळवाजुळव करू लागले. तेवढ्यात आनंदीबाई पदरानं वालाची धूळ पुसत देवळाशी आल्या.

"किती डाव्या पडल्या?"

"दोन."

"देव आज नायच म्हनतोय. मग तसं इचारा की!" त्या नवऱ्याला हातानं बाजूला सारून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. "सरा. कळ्या लावा. देवा, पाहुना एवढ्या लांबून आलाय. त्याला खेळ न दावता तसाच माघारी धाडायचा का?"

डावी कळी देवाच्या खांद्यावरून घरंगळली आणि पायाशी पडली.

"नाय म्हनला," आनंदीबाई म्हणाल्या. "उतरवा चेंडू. आन भावोजी, पोरं लवकर धाडा. वाल अर्धा ऱ्हायलाय."

हिरामणनं खुंटीवरचा चेंडू काढला. त्यावर शेंदराचे इतके थर होते की तो चेंडू आहे हे माहीत असल्याशिवाय कळलं नसतं.

शनिवारी दुपारी परसूसाहेब मेगनला घेऊन आले. उंचीनं थोडे कमी झाले होते, हातात काठी होती, पण ओरडण्याचा आवाज तोच होता. श्रीपतना बघून त्यांनी त्यांना येणारं एकमेव मराठी वाक्य म्हटलं, "जेवला का?" साडेचार दशकांहून जास्त काळ त्यांनी ते जपून ठेवलं होतं. श्रीपत "जेवलो" म्हणाले आणि त्यांनी साहेबांची पिशवी काढून घेतली. भाग्यश्रीनं दुभाष्याचं काम हातात घेतलं.

"विचारतायत, सोमवारची तयारी झाली का?"

"सांग, नेहमीसारखीच."

त्या वेळी तयारी अशी होती: वालाचे ढीग अर्धे उचलले होते, बांबू कुंपणाला गेलेले परत मागून आणायचे होते, आणि निम्मे खेळाडू कळंबच्या रिसॉर्टांत सलग सुट्ट्यांच्या पाहुण्यांना मिसळ वाढत होते. तिथला मॅनेजर किशोर हा गावाच्या बाजूचा बिनीचा गडी. त्यानं फोनवर सांगितलं, "काका, सोमवारी दुपारी पाहुणे उठले की सगळी पोरं घेऊन येतो. चारच्या आत काही खरं नाही." श्रीपतचा मुलगा रत्नदीप भीमगीतांच्या पार्टीत गायचा. जयंती तोंडावर आल्यामुळे त्याची पार्टी रोजच तालीम करत होती. त्यानं ढोलकी आणि पेटी टेंपोत टाकली. टेंपो धाऊचा होता. धाऊ हा दर वर्षी साहेबांच्या बाजूनं स्वतःहून खेळणारा एकमेव इसम, कारण परसूसाहेबाची नक्कल त्याच्यासारखी कुणाला साधत नसे. त्यानं परसूसाहेब जन्मात पाहिला नव्हता. ज्यानं नक्कल केली होती त्याची तो नक्कल करायचा.

सोमवारी चारला पाच कमी असताना साहेब आणि मेगन मैदानाच्या कडेला आंब्याखाली खुर्च्यांवर बसले. वाल उचलला होता, बांबू उभे होते, चुना मारला होता. श्रीपतच्या गळ्यात शिट्टी होती. चेंडू मधोमध ठेवला होता आणि उन्हात शेंदरानं चमकत होता.

चार वाजले. मैदानावर कुणी नव्हतं.

सव्वाचार झाले. एक कुत्रं आलं, चेंडू हुंगून गेलं.

साहेब काठीवर हनुवटी टेकून मोकळ्या शेताकडे बघत होते. मेगननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. श्रीपतनी गळ्यातली शिट्टी उगाच पुसली. म्हाताऱ्याला वाटत असणार, फोटो दाखवून बोलावलं, क्लब काही नाहीच. तालुक्यातला वेळेवर सुरू होणारा एकमेव कार्यक्रम, आणि आजच असं व्हावं!

"आजा," भाग्यश्री हळूच म्हणाली, "त्या बांधामागं बघा."

श्रीपतनी बघितलं. बांधामागच्या करवंदीच्या जाळीवर पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. ओढ्याच्या अंगाला टेंपो उभा होता आणि टेंपोमागं पाय दिसत होते. किशोर रिसॉर्टची सगळी पोरं घेऊन गवताच्या गंजीआड उकिडवा बसला होता. अख्खा क्लब हजर होता. जो तो दुसरा आधी जायची वाट बघत होता.

जो उशिरा येईल तो साहेब. आज खरा साहेब बघायला बसला होता, आणि आज सगळ्यांनाच साहेब व्हायचं होतं.

श्रीपत मैदानाच्या मधोमध गेले. "भाईर या रं!"

जाळी हलली, पण बाहेर कुणी आलं नाही. "आदी तुमी जा," कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं. "नाय, नाय, तुमी मोठे."

इतका मान या लोकांनी एकमेकांना पूर्वी कधी दिला नव्हता. श्रीपतनी एकदा खुर्चीवरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मग अध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी सभा न घेता नियम बदलला.

"आज उलटं!" ते ओरडले. "जो पयला येईल तो सायेब!"

आणि शिट्टी फुंकली.

बांध फुटावा तशी माणसं फुटली. करवंदीच्या काट्यात लेंगे फाटले, गवताची गंजी आडवी झाली, धाऊ टेंपोच्या टपावरून उडी मारून आला. हिरामणची नात अक्षदा गावाच्या बाजूची सगळ्यात वेगानं पळणारी खेळाडू. ती तिघांना ओलांडून पोचली, पण ऐन वेळी आजोबानं ओढणीला धरून तिला गावाच्या बाजूला ठेवलं. परसूसाहेब खुर्चीतून उठले आणि काठी उंचावून ओरडले, "वेल प्लेड!"

"त्यांना वाटलं, सामना सुरू झाला," भाग्यश्री म्हणाली.

"मग झालाच की," श्रीपत म्हणाले आणि चेंडूपाशी पळाले.

सामना कसा झाला ते सांगणं अवघड, कारण धुळीत फारसं दिसत नव्हतं. पहिल्या अर्ध्या वेळात धाऊ मैदानाच्या कडेनं कमरेवर हात ठेवून, उजव्या पायानं लंगडत फिरला आणि कुठल्याच भाषेत नसलेल्या शिव्या देऊ लागला. श्रीपतनी भीत भीत साहेबांकडे बघितलं. साहेब मेगनला काहीतरी विचारत होते. मग त्यांना हसू फुटलं. इतकं फुटलं की त्यांनी चष्मा काढला आणि तो मेगनकडे दिला.

"म्हणतायत, हा मीच आहे," भाग्यश्रीनं सांगितलं. "पण मी डाव्या पायानं लंगडायचो, म्हणतायत."

धाऊला निरोप गेला. धाऊनं भर सामन्यात पाय बदलला.

अर्ध्या वेळेला रत्नदीपच्या पार्टीनं ते गाणं धरलं. साहेबलोक हरल्यावर म्हणाले होते, तेच. शब्द वेल्सचे, कुणालाही अर्थ माहीत नव्हता, एका पिढीनं ऐकून दुसरीला दिलेले. चाल तीच, फक्त मागं ढोलकी आली होती आणि दोन ओळींच्या मधे कोरसनं टाळ्यांचा ठेका धरला होता. परसूसाहेब उभे राहिले. पहिलं कडवं त्यांनी खड्या आवाजात म्हटलं. दुसऱ्याला अडखळले, थांबले, कपाळाला हात लावला. रत्नदीपनं पेटीवरची बोटं न थांबवता पुढची ओळ त्यांना दिली. साहेबांनी ती उचलली.

गाणं संपल्यावर श्रीपतनी भाग्यश्रीला विचारायला लावलं, याचा अर्थ काय? साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की लहानपणी मास्तरांनी सांगितला होता, पण तेव्हा त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

दुसऱ्या अर्ध्यात घोटाळा झाला. पहिला येईल तो साहेब म्हटल्यामुळे चपळ गडी सगळे साहेबांच्या बाजूला गेले होते. गावाकडे उरले होते ते हिरामणच्या वयाचे, किशोरसारखे वजनदार, आणि अक्षदा. अक्षदानं दोनदा चेंडू रेषेपलीकडे टेकवला, तरी शेवटी धाऊ लंगडायचं विसरून पळाला आणि त्यानं चेंडू बांबूंच्या मधोमध टेकवला. श्रीपतनी घड्याळ बघितलं. शिट्टी फुंकणं भाग होतं.

साहेब जिंकले. वहिवाट मोडली. हिरामण धुळीतून उठला.

"हा धरायचा नाय!" तो ओरडला. "हा खेळ धरायचा नाय! फागुनात कवा खेळ झालाय का? पालखी नाय, पुनव नाय, काय नाय! सायेब आला म्हनून आमी आपलं खेळलो. खरा खेळ चैतात! तवा दावतो!"

"हिरामण, गप रं," श्रीपत म्हणाले. पण बोलून झालं होतं.

परसूसाहेबांना शब्द कळले नाहीत, पण हरलेल्या माणसाचा आवाज कुठल्याही मुलखात ओळखू येतो. त्यांनी भाग्यश्रीकडे बघितलं. भाग्यश्रीनं आजाकडे बघितलं.

"सांग," श्रीपत म्हणाले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून मुठीत धरली. "सगळं सांग. की आमी तुमचा सोमवार पाळत नाय. आमचा येगळा हाय. पुनवेचा. हा तीन दिवसांत उभा केलेला हाय. मी फसवलं म्हन."

भाग्यश्री सांगत गेली. लडकूचं गणित, पालखी, विहार, खुंटी, कौल, वाल. साहेब ऐकत होते. मधेच त्यांनी चेंडू मागवला, मांडीवर घेतला आणि बोटानं त्याच्यावरचा शेंदूर खरवडून बघितला. बोट लाल झालं. ते सदऱ्याला पुसलं.

"म्हणतायत," भाग्यश्री म्हणाली, "आमचा ईस्टरही चंद्रावरच असतो. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण कुणी विचारलंच नाही."

"सायबाला कोन इचारनार?" श्रीपत म्हणाले.

"विचारतायत, चैत्रातला खरा सामना कधी?"

"पुनवेनंतरच्या सोमवारी. चार हप्त्यांनी."

साहेबांनी काठी जमिनीवर आपटली आणि मेगनला काहीतरी सांगितलं. मेगन "नो" म्हणाली. साहेबांनी पुन्हा सांगितलं. मेगननं तिकीट, डॉक्टर, गोळ्या, ऊन अशी चार कारणं बोटांवर मोजली.

"काय चाललंय?" हिरामणनं विचारलं.

"साहेब म्हणतायत, आमची बाजू जिंकलीय ती तुम्ही धरत नाही. मग मी खऱ्या सामन्यापर्यंत थांबतो आणि पुन्हा जिंकूनच जातो. ती म्हणते, उद्याचं विमान आहे."

पाहुण्यांच्या घरगुती भांडणात पडायची रीत नव्हती. हिरामण गळ्यातला पंचा झटकत म्हणाला, "खेळ धरायचा नाय, तवा चेंडू परत देवळात न्यायचाच हाय. कौल लावून बघू का?"

अख्खा क्लब देवळाकडे निघाला. हिरामणनं चेंडू खुंटीला टांगला. आनंदीबाईंनी कळ्या भिजवल्या. श्रीपत पायरीवर चपलांशेजारी बसले, आणि परसूसाहेब गुडघे सांभाळत त्यांच्या शेजारी टेकले.

"देवा," आतून आनंदीबाईंचा आवाज आला, "सायबाला उद्याच माघारी धाडायचं का?"

बाहेर सगळ्यांनी माना उंचावल्या.

"डावी!" हिरामण ओरडला. "नाय म्हनतोय!"

पोरांनी देवळाबाहेर एवढा कालवा केला की कुणाच्या तरी बैलानं दावं तोडलं. मेगनला सगळं समजावून सांगितल्यावर तिनं भाग्यश्रीला विचारलं, या निकालावर अपील करता येतं का?

"येतं की," हिरामण म्हणाला. "पालखी झाल्यावर."

मेगननं आजोबांकडे बघितलं. आजोबा दिवसाचं काम संपवून बसलेल्या माणसासारखे समोरच्या शेताकडे बघत होते. तिनं मोबाईल काढला आणि गोळ्या इथं कुठल्या दुकानात मिळतील, ते भाग्यश्रीला विचारू लागली.

जेवणं मैदानावरच होती. भीमाबाई आणि आनंदीबाईंनी दुपारीच मोठ्या टोपात वालाचं बिरडं शिजवलं होतं. वाल कुठून आला हे सांगायला नको. रीत अशी होती की हरलेल्यांनी आधी जिंकलेल्यांना वाढायचं. हिरामण बिरड्याचा टोप आणि डाव घेऊन साहेबांच्या पंगतीकडे निघाला, तोंडानं "धरायचा नाय, धरायचा नाय" चालूच होतं, पण वाढत होता सढळ हातानं.

"अवो," भीमाबाई श्रीपतना बाजूला घेऊन म्हणाल्या, "महिनाभर आपल्याकडंच ऱ्हानार ना? मग इचारून घ्या. सायबाला कडवा वाल पचतो का?"

श्रीपत विचारायला वळले. पण परसूसाहेबांचं पान तोवर रिकामं झालं होतं, आणि हिरामण पुन्हा वाढायला वाकलेला बघून ते मोठ्या मायेनं त्यालाच विचारत होते, "जेवला का?"